न विचारलेले किलोमीटर

गेल्या वर्षी एप्रिलात रिस्तेन आत्याला तिच्या भाच्यानं, इसाकनं, दोर बांधून घरी आणलं. बांधली होती तिची बंद पडलेली स्कूटर, पण आत्या तिच्यावरून उतरायला तयार नव्हती. त्यामुळे मासी या आमच्या गावानं पाहिलं ते असं : पुढे इसाकचं यंत्र, मागे ताणलेला दोर, आणि दोराच्या टोकाला पासष्टीची बाई, ताठ बसलेली, हँडल दोन्ही हातांनी धरलेली, वळणावर अंग झुकवणारी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, तीच चालवते आहे आणि पुढचा उगाच घाई करतो आहे.

स्नोमोबिलला इकडे सगळे स्कूटरच म्हणतात. पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा, मधे इंजिन. रेनडिअर राखणाऱ्याला ती पायांच्या जागी असते. कळप हिवाळाभर आतल्या पठारावर बर्फ उकरून खालचं पांढरं दगडफूल खातो आणि एप्रिलात, माद्या विण्याआधी, किनाऱ्याकडे निघतो. त्याच्याबरोबर सगळी सीदा निघते. सीदा म्हणजे एकत्र कळप राखणारी चार-पाच घरं. त्या वाटेवर इंजिन गेलं तर माणूस जिथे आहे तिथेच राहतो, आणि कुणाला तरी कळप सोडून त्याच्यामागे जावं लागतं. गेल्या वर्षी इसाक गेला. तो परत येईपर्यंत कळपाचा मागचा भाग उलटा फिरला होता. तो गोळा करण्यात चांगली हवा निघून गेली.

त्यानंतर आत्याच्या स्वयंपाकघरात जे बोलणं झालं ते दोघांनीही नंतर वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळतं.

"आत्या, पुढल्या वर्षी तू गाडीनं ये. रस्त्यानं. आपण किनाऱ्यावर भेटू."

"रेनडिअर रस्त्यानं जातात?"

"तू रेनडिअर आहेस?"

"कान बघ माझे. तुझ्या बापानं खूण करायची राहिली, एवढंच."

"चेष्टा पुरे. तुझं इंजिन आतापर्यंत दोनदा गेलं. भरवशाचं इंजिन आण, मग ये. नाहीतर गाडी."

"आणि गाभण माद्यांमागे कोण राहणार?"

"मी राहीन."

"तू पुढं असतोस."

इसाकनं तरी अट मागे घेतली नाही, आणि सीदेत आता त्याचा शब्द चालतो.

कळपातल्या काही जनावरांच्या कानांवर रिस्तेनची स्वतःची, मालकीची खूण आहे. ती जनावरं किती, हे इथे लिहिता येणार नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या पासबुकात डोकावणं. एखाद्या बाहेरच्यानं विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे : "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत थोडी." पण हे सांगता येईल की भाऊ गेल्यापासून कळपाची शेपटी तीच सांभाळते. शेपटीला सगळ्यात जड झालेल्या माद्या असतात. त्यांना हाकलून चालत नाही. त्या बसल्या की बसायचं, उठल्या की उठायचं. हे काम तरुणांना जमत नाही, कारण त्यात काहीच करायचं नसतं.

हिवाळ्यात ती रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे बूट शिवते. शिवताना खिडकीशी बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाबद्दल, कुणी विचारलेलं नसताना, मत देते. "शेजारचा पेर ओला दुकानाला निघाला. आज उलटाच खोकतोय." तिचं मत नेहमी बरोबर असतं असं नाही. पेर ओलाचा खोकला खरं तर सायलेन्सरचा होता. तरी इंजिन जरा बिघडलेलं असलं की लोक तिच्या खिडकीवरून जायचं टाळतात आणि नदीकडून वळसा घालतात.

नवी स्कूटर बूट शिवून येत नाही. म्हणून जुनी घ्यायची ठरली, आणि मग सगळा हिवाळा रिस्तेन स्थळं पाहावीत तशा स्कूटर पाहत हिंडली. गाडी इसाक चालवायचा. अट त्याची, तेव्हा पेट्रोलही त्याचं.

आल्ता शहराजवळ एका पोरसवदा माणसाची स्कूटर होती. चकचकीत, बाजूला ज्वाळांची चित्रं. रिस्तेननं मोजा काढला आणि उघडा तळवा इंजिनावर ठेवला.

"आम्ही यायच्या आधी सुरू केलीस?"

"जरा गरम करून ठेवली, काकू. तुम्हाला थंडीत ताटकळावं लागू नये म्हणून."

"थंड इंजिन कसं उठतं तेच तर बघायला आले होते. ऊब मिळाल्यावर सगळेच उठतात. माझा भाचासुद्धा."

दुसऱ्या एकाची स्कूटर तिला आवडली होती. इंजिन अलीकडेच उघडून आत सगळं नवं घातलेलं. तिनं विचारलं, जुनं कशानं गेलं? मालक म्हणाला, कशानं कोण जाणे, पण आता नवं आहे ना. परतताना इसाक चिडला. "नवे पिस्टन, नवी बेअरिंगं! आणखी काय हवं तुला?"

"जुनं कशानं मेलं ते ज्याला माहीत नाही, त्याचं नवंही त्यानंच मरेल. पंप सडका असला तर नव्या पिस्टनला तो ओळखणार आहे का?"

"तुझं लग्नाच्या वेळीही असंच झालं म्हणतात. सगळ्यांत खोट."

"हो. आणि त्यातलं एकही आता सुरू नाही."

मार्च लागला तेव्हा क्लेमेतची स्कूटर विकायला निघाली. क्लेमेत शेजारच्या सीदेचा, सत्तरीचा. त्याच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं आणि डॉक्टरनं त्याला चालवायला बंदी केली होती. स्कूटर जुनी पण नीट राखलेली, दोन सिलिंडरची, पाण्यानं थंड होणारी. तिचा एक दोष सगळ्यांना माहीत होता : हँडलापुढची आकड्यांची काच थंडीनं मेली होती. वेग दिसत नव्हता, आणि एकूण किती किलोमीटर झाले तेही दिसत नव्हतं.

कुठलीही जुनी गाडी घेताना माणूस आधी हेच विचारतो. पण आमच्याकडे हा प्रश्न सरळ नाही. एखाद्यानं हिवाळ्यात किती बर्फ तुडवलं, यावरून त्याचा कळप केवढा, किती पांगलेला, कुठवर गेलेला याचा अंदाज कुणीही कळप राखणारा बांधतो. किलोमीटर विचारणं म्हणजे जनावरं विचारणं. त्यात क्लेमेतकडे ते विचारणं आणखी वाईट होतं. दोन्ही सीदांच्या मधे एक कुंपण आहे आणि कुंपणाच्या अलीकडे, रिस्तेनच्या बाजूला, एक उघडा डोंगरकणा. तीन वसंतांपूर्वी त्या कण्यालगतचं दगडफूल कुणाच्या तरी जनावरांनी तुडवून ठेवलं होतं. दगडफूल एकदा मोडलं की परत यायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. कुणाची जनावरं, ते ठरलं नाही. इसाकला क्लेमेतचा संशय होता, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना नुसता हात करत, थांबत नसत.

"डीलरकडे नेऊन संगणकाला जोडली की किलोमीटर निघतात," इसाक गाडीत म्हणाला.

"म्हणजे क्लेमेतचा कळप दुकानात मोजायचा."

"मग सरळ विचार त्याला!"

"मी विचारणार नाही. तूही विचारायचं नाहीस."

"आत्या, आपण इंजिन घ्यायला चाललोय, मुलगी मागायला नाही."

"मुलीचं वय विचारता येतं," रिस्तेन म्हणाली.

क्लेमेतच्या स्वयंपाकघरात त्याची बायको सुन्नानं कॉफी ओतली आणि कपात टाकायला चीज कापून ठेवलं. पुढचं बोलणं सुन्नानं सांगितलेलं.

"पेट्रोल फार महागलं म्हणतात," रिस्तेन म्हणाली.

"म्हणतात," क्लेमेत म्हणाला.

"तुला यंदा बरंच लागलं असेल."

"टाकीत मावतं तेवढंच लागतं."

"पट्टा कधी बदललास?"

"तुटला तेव्हा."

"वरचेवर तुटतो?"

"पट्टे हल्ली चांगले येत नाहीत."

"तेल कुठलं घालतोस?"

"डब्यातलं."

सुन्ना म्हणते, दोघांनाही मजा येत होती. ताकाला येऊन भांडं लपवणारी एक, आणि ताक नाहीच म्हणून बसलेला दुसरा. चिजाचा आणखी एक तुकडा झाला असता. पण इसाकचा धीर सुटला.

"क्लेमेतकाका, किती किलोमीटर झालेत तिचे?"

सुन्नाचा हात किटलीवर थांबला. क्लेमेतनं धुरकट डोळे आवाजाच्या दिशेला वळवले.

"चाललीय," तो म्हणाला. "इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, थोडी थोडी."

"याच्या आईकडचे लोक किनाऱ्यावरचे," रिस्तेन घाईनं म्हणाली. "मासे मोजून विकतात. त्याचा दोष नाही."

क्लेमेत हसला, आणि सगळे स्कूटर बघायला बाहेर गेले.

रिस्तेननं तळवा ठेवला. इंजिन गरम होतं. सुन्ना चटकन म्हणाली, "सकाळी मी लाकडं आणली ग. हे बघ." स्लेजवर ओंडके होतेच, त्यावरचं बर्फ अजून ताजं होतं. म्हणजे लबाडी नव्हती. पण गरम ते गरमच. रिस्तेननं मोजा चढवला, आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "सुन्ना, रश्श्याला काय घातलंयस?"

इसाकनं डोळे मिटून घेतले. आमच्याकडे जेवायला थांबतो म्हणणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, आणि का थांबतो तेही विचारत नाहीत. क्लेमेतला मात्र बरोबर कळलं होतं. त्यानं हातानं चाचपत इंजिनावरचं घोंगडं ओढून काढलं आणि झाकण उघडंच टाकलं.

"थांब की," तो म्हणाला. "वारा आहे. लवकर निवेल."

जेवण झालं. परत कॉफी झाली. सुन्नानं रिस्तेनकडून बुटाच्या टाचेची शिवण समजून घेतली. इसाक बाकावर आडवा होऊन घोरू लागला. ऊन कलायला लागलं तेव्हा रिस्तेन उठली. या खेपेला तळवा तिला पटकन उचलावा लागला, गारठ्यानं कातडं चिकटायला आलं होतं.

तिनं चावी बंद ठेवून सुरू करायची दोरी सावकाश ओढली. दोन सिलिंडर, दोन धक्के. एक धक्का हाताला घट्ट लागत होता, दुसरा जरा मऊ, म्हणजे तिथला दाब गळत होता. तिनं पुन्हा ओढून पाहिलं आणि दोरी इसाकच्या हाती दिली. त्यानंही ओढून पाहिली. मग चावी फिरवली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन उठलं आणि चांगलं उठलं, एकसारखं. तिनं ते थोडं ऐकून बंद केलं, धुराड्याच्या स्प्रिंगा काढून नळी बाजूला केली आणि टॉर्चच्या उजेडात भोकातून आत पाहिलं. मऊ बाजूच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते.

"क्लेमेत, हा एकदा तापलाय."

क्लेमेतनं मान डोलावली.

"परत तापेल का?"

बाहेरच्याला हा प्रश्न साधा वाटेल. या इंजिनाचं पाणी थंड होतं ते पट्ट्यानं उडवलेलं बर्फ पोटाखालच्या नळ्यांवर बसतं म्हणून. भुसभुशीत बर्फात तापलं असेल तर पाणी फिरवणारा पंप किंवा आतलं काहीतरी गेलेलं आहे, आणि तसलं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नये. कोरड्या, कडक जागी तापलं असेल तर दोष जागेचा. तेव्हा सगळं यावर होतं की ते कुठे तापलं. आणि कुठे, हे रिस्तेन विचारू शकत नव्हती.

क्लेमेतला हे तिच्याइतकंच कळत होतं. गोठलेल्या तळ्यावर, असं तो म्हणू शकला असता. तळी दोन्ही सीदांकडे आहेत. कुणाला शंका आली नसती.

"पंप चांगला आहे," तो म्हणाला. "तुमच्या कण्यावर तापलं ते. कुंपणापलीकडे."

इसाक सरळ झाला.

"तीन वसंत झाले," क्लेमेत पुढे म्हणाला. "आमची जनावरं ओलांडून गेली होती. मी ती परत आणत होतो, मागं जड स्लेज, आणि वाऱ्यानं कणा खरवडून ठेवलेला. नुसता खडक आणि बर्फाची काच. तिथं तापलं. मी थांबलो नाही, कारण कुणी बघायच्या आत निघायचं होतं. रिस्तेन, तुमची वाट त्याच कण्यावरून जाते. तू थांबली नाहीस तर तुझ्याखालीही तिथंच तापेल."

"तीन वर्षं!" इसाक म्हणाला. "तीन वर्षं आम्ही विचारतोय सगळ्यांना, आणि तू हात हलवत जातोस—"

"इसाक."

"काय इसाक? कबूल केलं त्यानं!"

"मी इंजिनाचं विचारलं. त्यानं इंजिनाचं सांगितलं."

"आणि दगडफूल?"

"दगडफुलाचं तू त्याच्याशी बोल. बोलायलाच हवं. पण माणसाचा रस्सा खाऊन त्याच्याच अंगणात ओरडू नकोस." मग ती क्लेमेतकडे वळली. "तळ्यावर म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"चाललं असतं," क्लेमेत म्हणाला. "तुझं इंजिन नसतं चाललं."

रिस्तेननं स्कूटर घेतली. घरी दारात उतरताना इसाक म्हणाला, "ओरखडे असलेलं इंजिन घेतलंस. सगळा हिवाळा चांगली नाकारून."

"चांगल्यांचे मालक मला काहीच सांगत नव्हते."

मऊ सिलिंडर उघडायचं ठरलं, आणि ते क्लेमेतच्याच शेडमध्ये, कारण हत्यारं तिथे होती. सिलिंडरची भिंत वाचली होती. पिस्टन, कड्या आणि वॉशर नवे घातले. क्लेमेतला बारीक दिसत नव्हतं. तो आतून बोट फिरवून सांगायचा आणि रिस्तेन त्यावर विश्वास न ठेवता टॉर्च मारायची. दोघं दिवसभर भांडत.

"उलटी घालतेयस कडी."

"तुला दिसत नाही."

"तू पुटपुटतेस ते ऐकू येतं."

कडी खरंच उलटी होती. तिनं ती न बोलता फिरवली, आणि त्यानं न बोलता ऐकलं.

इंजिन परत बसवायला दोन धडधाकट हात हवे होते म्हणून इसाकला बोलावलं. तो आला. काम झाल्यावर तो आणि क्लेमेत शेडमागे गेले आणि बराच वेळ तिथे होते. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत. आत आले तेव्हा दोघांचीही नाकं लाल होती, पण त्या दिवशी थंडीही होती. शरदात क्लेमेतची मुलं कुंपणाची कण्याकडची बाजू नवी करून देणार आहेत, एवढं गावाला कळलं आहे.

एप्रिलात कळप निघाला. गाडीचा विषय इसाकनं काढला नाही, रिस्तेननंही नाही. ती निघायच्या सकाळी स्लेज बांधून शेपटीला जाऊन उभी राहिली आणि कुणी तिला जा म्हटलं नाही.

कण्यापर्यंत इंजिन घड्याळासारखं चाललं. कण्यावर वाऱ्यानं नेहमीप्रमाणे सगळं झाडून नेलं होतं. कळपाचं तोंड पलीकडे उतरलं तेव्हा इसाकनं मागे पाहिलं, आणि शेपटीला रिस्तेनची स्कूटर हलत नव्हती. झाकण उघडं होतं. तो शिव्या देत उलटा फिरला. वाटेत त्यानं दोराची गुंडाळी मांडीवर काढून घेतली होती, असं मागून येणाऱ्या घरांतल्या लोकांनी पाहिलं.

"पडली बंद?" तो लांबूनच ओरडला.

"मी केली."

ती खडकाच्या आडोशाला साठलेलं बर्फ फावड्यानं आणून स्कूटरच्या पोटाखाली भरत होती. आतून वाफ येत होती. भोवती जड माद्या खाली बसल्या होत्या, पाय पोटाखाली घेऊन.

"किती वेळ लागेल?"

"यांना विचार. मला अजून दोन फावडी बर्फ हवं, यांना थोडं जास्त."

"आणि नाही उठलं तर?"

रिस्तेननं फावडं टेकवलं. "इसाक, पुढं कोण आहे आत्ता?"

पुढे कुणी नव्हतं. तो तिथे उभा राहिला. एकदा इंजिनाकडे, एकदा कळपाकडे पाहत. मग त्यानं मोजा काढला, वाकून सिलिंडरजवळ तळवा धरला, आणि दोर परत स्लेजमध्ये टाकून निघून गेला.

माद्या उठायला लागल्या तेव्हा रिस्तेननं दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला झालं.

किनाऱ्यावर ती सगळ्यांच्या शेवटी पोचली. एक मादी वाटेतच व्यायली होती. ओलं पिल्लू स्लेजवर कातड्यात गुंडाळलेलं होतं आणि आई बाजूनं चालत होती, म्हणून रिस्तेनला पायी चालण्याच्या वेगानं यावं लागलं. इंजिन इतका वेळ इतकं हळू चालवणं बरं नाही, असं इसाक म्हणाला. ती म्हणाली, मला माहीत आहे, आणि पिल्लू उतरवायला त्याच्या हाती दिलं.